बयेच्या अंगावरची कीड

मावशीची गाडी फाटकातून आत आली ती नेहमीच्याच तोऱ्यात, पण उभी राहिली मात्र तोंड भिंतीकडे करून. मावशी उतरली, दार आपटलं, चष्मा कपाळावर सरकवला आणि घराकडे बघून ओरडली, "ठके, बाहेर ये! पेशंट आणलाय."

ठकू म्हणजे दातांची डॉक्टर. पन्नाशी ओलांडलेली, दारावर पितळी पाटी असलेली बाई. आसपासच्या निम्म्या वस्तीच्या दाढा तिच्या ओळखीच्या. भलीभली माणसं तिच्यासमोर निमूट 'आ' करायची. पण मावशीच्या लेखी ती अजून फ्रॉकातली ठकूच होती, आणि हाक ऐकून ती तशीच धावत बाहेर आली. 'पेशंट' या शब्दाने ती दारातच क्षणभर थबकली होती, तेवढं मात्र तिने मावशीला दिसू दिलं नाही.

"कुठंय पेशंट?"

"ही काय समोर उभी आहे. बयेला कीड लागलीय."

बया म्हणजे मावशीची आकाशी रंगाची गाडी. मावशीचे यजमान होते तेव्हाही घरातला पहिला मान बयेचा असे. त्यांनी त्याबद्दल कधी तक्रार केली नाही; मावशीपुढे तक्रारीचा उपयोग नसतो हे त्यांना लग्नाच्या आठवड्यातच कळलं होतं. आता पंचाहत्तरी पार केलेली मावशी आणि वयाच्या मानाने ठणठणीत असलेली बया, दोघी एकमेकींना सांभाळून होत्या.

ठकू वाकली. मागच्या चाकावर पत्रा कमानीसारखा वळतो, तिथे मोहरीएवढे तपकिरी ठिपके उमटले होते. दाराच्या खालच्या कडेला खडे लागून रंगाचे टवके उडाले होते, तिथेही तेच. आणि कमानीच्या अगदी माथ्यावर एके ठिकाणी रंग फुगून फोड आला होता. वरून आकाशी, गुळगुळीत, निरागस. आत काय चाललंय याचा पत्ता नाही.

"गॅरेजात ने की."

"नेली होती. तो म्हणतो, अख्खा पत्रा कापू आणि नवा बसवू. एका दाढेला कीड लागली म्हणून कुणी जबडा काढतं का गं? तूच म्हणायचीस ना, कीड लवकर सापडली तर दात वाचतो?"

ठकू असं म्हणायची खरी, दिवसातून चारदा म्हणायची. मावशीने तिचेच दात तिच्या घशात घातले.

"मावशी, माझा हात..." एवढंच बोलून ती थांबली.

त्या हाताची गोष्ट अशी. लोक म्हणत, डॉक्टरीणबाईंना हातगुण आहे. नुसता गालाला हात लावला तरी ठणका थांबतो. ठकू हसून सोडून द्यायची, पण मनातून तिला ते आवडायचं, नव्हे, तिचा त्यावर विश्वास होता. मग एका सकाळी दात घासताना ब्रश तिच्या उजव्या हातातून गळून पडला. मेंदूतली एक बारीकशी रक्तवाहिनी रुसली, एवढंच झालं होतं म्हणे. औषधं झाली, रबरी चेंडू दाबून झाले, डाळीचे दाणे वेचून झाले. आता ती भाजी चिरायची, सही करायची, सुईत दोरा ओवायची. मेंदूचे डॉक्टर म्हणाले, "ताकद पूर्ण आली आहे. आता काम करूनच बघा." तेच तिला होत नव्हतं. घराच्या पुढच्याच खोलीत दवाखाना, पण उंबरठा ओलांडायची हिंमत नाही. हत्यार उचलायचा नुसता विचार केला तरी बोटं थरथरू लागत. हाताचा आजार गेला होता आणि धाक मागे राहिला होता.

दवाखाना तिची भागीदार चालवत होती, सगळे तिला धाकटी डॉक्टर म्हणत. कालच तिने फार जपून विचारलं होतं, "मॅडम, सोमवारी नवी पाटी करायला टाकायचीय. तुमचं नाव... ठेवायचं ना?" ठकू म्हणाली होती, उद्या सांगते. तो उद्या म्हणजे आजचा रविवार.

"तुझ्या हाताला काय झालंय?" मावशी म्हणाली. "पत्र्याला भूल द्यावी लागत नाही. आणि चुकलीस तर बया काही बोंब मारत फिरणार नाही."

हे मात्र ठकूला पटलं. इतक्या महिन्यांत असा पेशंट कुणी आणलाच नव्हता.

टोकं झिजल्यामुळे दवाखान्यातून निवृत्त झालेल्या दोन आकड्या माळ्यावरच्या डब्यात होत्या, दातांची कीड चाचपायच्या असतात त्या. एक छोटा आरसाही निघाला. पॉलिश पेपर, थिनर, रंगाखाली द्यायच्या अस्तराचा डबा आणि आकाशी रंगाची इवलीशी बाटली मावशीने पिशवीतून आणली होती. पेशंट आणि औषधं एकदमच. ठकूने बुटकं स्टूल चाकापाशी ओढलं. मावशी वेताच्या खुर्चीत बसली, हातात स्टीलचा मग. मधूनच त्यातला घोट घ्यायची, उठून अंगणाच्या कोपऱ्यातल्या नाल्याशी जायची आणि परत यायची. घसा खवखवतोय म्हणाली.

"हं, आ करा," ठकू गाडीला म्हणाली. "दुखलं तर हात वर करा."

"तिला हात कुठले?"

"म्हणून तर पहिली पाळी तिची."

दोघी हसल्या. ठकूने आकडी डाव्या हातात धरली.

"डाव्या हाताने?" मावशीच्या नजरेतून काही सुटत नसे. "बयेला डावं-उजवं कळतं हो."

ठकूने आकडी उजव्या हातात घेतली. लगेच टोक थरथरायला लागलं आणि चांगल्या रंगावर तटतट वाजू लागलं. मावशी आभाळाकडे बघत बसली. तिने आभाळाकडे इतका वेळ कधीच बघितलं नसेल.

मग टोक पहिल्या ठिपक्यात शिरलं.

ज्याने हे केलंय त्यालाच ते कळेल. निरोगी भागावर आकडी घसरते. कीड असेल तिथे ती रुतते, आणि काढताना किंचित ओढ लागते; ओल्या मातीत रुतलेलं पाऊल काढावं तशी. ती ओढ ठकूच्या बोटांना लागली. ती हजारो वेळा लागली होती. बोटांनी ती ओळखली आणि थरथर थांबली. कुणी थांबवली नाही. बोटांना दुसरं काम मिळालं, म्हणून ती थरथरायचं विसरली.

हात विसरलाय हे आपण बघितलं तर त्याला पुन्हा आठवेल, म्हणून तिने हाताकडे बघितलंच नाही.

एकेक ठिपका ती कोरत गेली. भुसभुशीत तपकिरी चुरा निघायचा, मग आकडीला कठीण लागायचं. पॉलिश पेपरचे बारीक तुकडे दुमडून ती कडा घासायची, तशी एकात एक वलयं उघडी पडायची: आधी आकाशी, मग पांढुरकं, मग करडं अस्तर, आणि मधोमध लोखंड. पहिल्यांदा ते लोखंड दिसलं तेव्हा ठकूचा हात आपोआप थबकला. केवढं झळझळीत! ते तिला काळपट, म्हातारं असेल असं वाटलं होतं. गाडी बनली त्या दिवशी त्यावर रंग चढला आणि तेव्हापासून ते कुणीही पाहिलं नव्हतं. ते आज, तिच्या अंगणात, पहिल्यांदा उजेडात आलं होतं.

"मावशी, इकडे ये. ही बघ तुझी बया. आतून."

मावशी गुडघ्यावर हात टेकत वाकली. "मी हिला रोज पुसते," ती हळूच म्हणाली, "आणि ही अशी आहे हे मला ठाऊकच नव्हतं."

राहिला तो फोड. त्याचं खरं भय होतं. वरचा पोपडा काढला की आत पत्रा असेल किंवा नुसतं भोक असेल. भोक असेल तर गॅरेजवाला खरा. ठकूने पोपडा उचलला. आत पापुद्र्यावर पापुद्रा, सगळा लालसर भुगा. आकडी आत गेली, आणखी आत गेली. मावशीने खुर्चीचा हात घट्ट धरला. मग टोकाला काहीतरी लागलं आणि टण्‌ असा इवलासा आवाज आला.

"आहे! जिवंत आहे," ठकू ओरडली, आणि मावशीने देवाचं नाव घ्यावं तसं "बये" म्हटलं.

तासाभरात सगळ्या जागा स्वच्छ झाल्या. ठकूला इतका आनंद कुठलीही परीक्षा पास होऊन झाला नव्हता. पोटात कावळे ओरडत होते. आत जाण्याआधी तिने, इतक्या वर्षांच्या सवयीने, कापसाचे छोटे बोळे केले. उघडा दात कधी कोरडा पडू द्यायचा नसतो. तो तडकतो, दुखतो.

"जरा पाणी दे गं."

मावशीने हातातला मग पुढे केला. ठकूने बोळे त्यात बुडवले आणि एकेका झळझळीत जागेवर नीट चिकटवून टाकले.

जेवताना ठकूच बोलत होती. मावशी पाव दुधात बुडवून एका बाजूने हळूहळू चघळत होती. एरवी माणसाच्या हाक मारण्यावरून कुठली दाढ दुखतेय ते ओळखणारी ठकू, पण आज तिला स्वतःच्या हातापलीकडे काही दिसतच नव्हतं. आनंदात माणूस आंधळा होतो तो असा. जेवण लांबलं, वर चहा झाला.

बाहेर येऊन तिने पहिला बोळा उचलला. बोळा केशरी झाला होता आणि खालचं लोखंडही. तिने दुसरा उचलला, तिसरा उचलला. सगळीकडे तेच. मघाशी आरशासारख्या चमकणाऱ्या जागांवर ताजा, तांबूस गंज पसरला होता. सकाळी ठिपके होते तिथे आता चट्टे होते.

ठकू स्टुलावर बसली. तिला रडू आलं आणि तिने ते लपवलं नाही.

"बघितलंस? गेला हातगुण. नुसता गेला नाही, उलटा झालाय. मी हात लावला की बरं असलेलंही सडतं." तिने उजवा हात पोटाशी धरला, तो पुन्हा थरथरू लागला होता. "धाकटीला फोन करते. माझं नाव काढून टाक म्हणते पाटीवरून. उगाच कुणाच्या तोंडात..."

मावशीने एक बोळा उचलला, उलटासुलटा केला, नाकाशी नेला आणि ठकू नको नको म्हणत असताना जिभेला लावला.

"खारट," मावशी म्हणाली, आणि तिचा चेहरा पडला. "अगं ठके! ते माझ्या गुळण्यांचं पाणी!"

"मिठाचं?"

"मग काय साखरेचं? तूच तर सांगतेस सगळ्यांना, दाढ दुखली की कोमट पाण्यात मीठ घालून..." इथे मावशीने जीभ चावली, पण बाण सुटला होता.

"दाढ?" ठकूने डोळे पुसले. "घसा खवखवत होता ना तुझा?"

"घसा काय, दाढ काय, जवळजवळच असतात."

"मावशी."

"खालची. डावीकडची." मावशी नजर चुकवत पुटपुटली. "तुझा ब्रश पडला ना, त्याच्या आधीपासून कुरकुरतेय. म्हटलं, तू बरी झालीस की दाखवू."

"इतके महिने? धाकट्या डॉक्टरकडे का नाही गेलीस?"

"पोर गुणाची आहे. पण मी तुझ्याखेरीज कुणापुढे तोंड उघडत नाही."

"तू? तुझं तोंड तर साऱ्या गावापुढे उघडं असतं."

"ते बोलायला, ठके. हे दाखवायला."

ठकू तिच्याकडे बघत राहिली. रागवावं की मिठी मारावी ते तिला कळेना. मग ती खाली बसली, एक चट्टा पॉलिश पेपरने पुन्हा घासून लखलखीत केला आणि मगातल्या पाण्याचा एकच थेंब बोटाने त्यावर ठेवला.

"हे काय करतेस?"

"बघू या. बोळ्याखाली काय झालं ते आपण पाहिलंच नाही."

दोघी डोक्याला डोकं लावून बसल्या. थेंब आधी नितळ होता. आत लोखंड चमकत होतं. बराच वेळ काहीच झालं नाही, मावशी चुळबुळली. मग थेंबाच्या पोटात हिरवट झाक आली, इतकी पुसट की डोळ्यांना भास वाटावा. मग तिच्याभोवती पिवळसर कडं धरलं आणि बघता बघता ते केशरी झालं. कुणी काही केलं नव्हतं. कुणी हातही लावला नव्हता. एक थेंब आणि भोवतालची हवा, बस्स. आणि लोखंड त्यांच्या डोळ्यांदेखत माती व्हायला निघालं होतं.

"आई गं," मावशी कुजबुजली.

ठकूच्या अंगावर काटा आला. लोखंड मातीतूनच येतं, हे ती शाळेत शिकली होती. पण ते परत जायला असं टपून बसलेलं असतं हे तिला आजवर कुणी दाखवलं नव्हतं. आणि एवढ्या ओढीला इतकी वर्षं कोणी अडवलं? रंगाच्या एका थराने. तिने मघाचा पोपडा उचलून उजेडात धरला. नखाहून पातळ. ऊन, पाणी, चिखल, सगळं या एवढ्याशा थराने बाहेर ठेवलं होतं. तिला दाढा आठवल्या. तिथेही वरचं कवच असंच जेमतेम, आणि माणूस त्यावर आयुष्यभर चावतो, हसतो, भांडतो. तिने तरुणपणी पहिल्यांदा दात चिरून पाहिला होता तेव्हा ती अशीच बघत राहिली होती. मधल्या वर्षांत ते नवल कुठे हरवलं होतं कोण जाणे. आज ते परत आलं आणि तिला फार बरं वाटलं.

"म्हणजे हाताने नाही केलं," ती स्वतःशीच बोलली.

"हाताने कसं करील? हाताने तर बरं केलं होतं. तुझ्या सवयीने आणि माझ्या थापेने घात केला."

मग दोघी कामाला लागल्या. या वेळी पाण्याचं नाव नाही. ठकूने सगळ्या जागा कोरड्या घासल्या, थिनरच्या फडक्याने पुसल्या, मावशीने वर्तमानपत्राने वारा घातला, आणि ठकूने बारीक ब्रशने अस्तराचा पहिला हात दिला. ब्रश उचलला की हात थरथरायचा, पत्र्याला टेकला की शांत व्हायचा. तिने ते पुन्हा पुन्हा करून पाहिलं. दर वेळी तसंच झालं.

"आता हे वाळायला हवं," ती म्हणाली. "रंग त्यावरच द्यायचा."

"मग तोवर काय करायचं?"

ठकू उठली. किल्ल्यांच्या जुडग्यातून तिने दवाखान्याची किल्ली शोधली. कुलपाला ती पहिल्या झटक्यात लागली नाही, दुसऱ्या झटक्यात लागली. आत औषधाचा तो ओळखीचा वास होता. खुर्ची तशीच होती. मावशी कुरकुर न करता जाऊन तिच्यात आडवी झाली, हात पोटावर बांधले आणि डोळे मिटले.

ठकूने हात धुतले, हातमोजे चढवले आणि दिवा ओढला.

"आ कर. दुखलं तर हात वर कर."

"मला हात आहेत हं," मावशी म्हणाली आणि तिने आ केला.

आकडी हवेत थरथरत होती. दिव्याच्या उजेडात ते फारच दिसत होतं. ठकूने तिसऱ्या बोटाचा टेकू शेजारच्या दाताला दिला आणि टोक दाढेवर ठेवलं. ते घसरलं, घसरलं, आणि रुतलं. किंचित ओढ लागली. हात शांत झाला.

कीड रुंद होती, पण खोल गेली नव्हती. ठकू कोरत राहिली. मऊ भाग निघत गेला, मग खालून कठीण लागलं, तो चरचरणारा निरोगी आवाज आला. इथे मात्र तिने पाणी मारलं, भरपूर मारलं, आणि तिचं तिलाच हसू आलं. दाढ भरली, कडा घासल्या. मावशीचे हात पोटावरून हलले नव्हते.

आता खरी परीक्षा होती. दाढ भरल्यावर डॉक्टरच्या डोळ्यांना काहीही दिसो, निकाल जीभ देते. केसाएवढी उंची राहिली तरी जिभेला ती टेकडी वाटते, आणि मावशीची जीभ तर भीडभाड ठेवणारी नव्हे.

"जीभ फिरवून बघ. काही टोचतंय? उंच लागतंय?"

मावशीने तोंड मिटलं. गालाच्या आतून जीभ फिरताना दिसत होती. पुढून, मागून, पुन्हा पुढून. तिने दात दाबून पाहिले, उगाच चावून पाहिलं. ठकू श्वास रोखून उभी होती. मग मावशीने डोळे उघडले, आणि त्यांत पाणी होतं.

"दुखलं का गं?"

मावशीने नकारार्थी मान हलवली. "दाढ सापडतच नाही, ठके. कुठली होती तेच कळत नाही."

ठकूने आकडी ट्रेमध्ये ठेवली, हातमोजे काढले आणि सोमवारी पहिला पेशंट कोण आहे ते विचारायला धाकट्या डॉक्टरला फोन लावला.